घोंगडीचा कोट

फाल्गुनात ऊन तापायला लागलं आणि दुपारी एकाएकी वारा पडला, की मी मशीन थांबवतो आणि दुकानाच्या पायरीवर येऊन आभाळ बघतो. पश्चिमेकडून ढग चढतायत का, आणि त्यांच्या पोटाला तो मळकट हिरवा रंग आहे का, एवढंच बघायचं असतं. शेजारचा भांडीवाला दरवर्षी विचारतो, "काय नामदेवराव, ज्वारी उभी आहे वाटतं रानात?" मी हसून वेळ मारून नेतो. मला रान नाही, कधीच नव्हतं. माझी ज्वारी बाजारातून पिशवीत येते. गारांचं आभाळ बघायची सवय मला लागली ती दुसऱ्याच एका कारणानं, आणि ते कारण मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

नगरच्या कापडबाजारामागच्या बोळात माझं दुकान आहे. कोट शिवणारा म्हणून चार लोक ओळखतात. दुकानात बसायच्या जागा दोनच. एक मशीनमागं माझी, दुसरी दारालगत इस्त्रीच्या टेबलामागं. ती गेल्या पावसाळ्यापासून रिकामी आहे. टेबलावरचं पाणी शिंपडायचं जर्मनचं भांडं मात्र मी रोज सकाळी भरून ठेवतो. तिथं भिवा बसायचा. माझ्या गावचा, माझ्याच वयाचा, जातीनं धनगर. पंचवीसेक वर्षं तो तिथं बसून कोळशाची इस्त्री फिरवत होता आणि खोकत होता. त्याची छाती कायमची अधू झाली ती माझ्यामुळं. तो जिवंत असेपर्यंत मी त्याला हे सांगू शकलो नाही. आता लिहितोय.

आमचं गाव सोनईच्या अलीकडं. भिवाची घोंगडी मला आठवते ती आधी वासानं. मेंढराचा वास, चुलीचा धूर, आणि त्याखाली कुठंतरी शिजवलेल्या चिंचोक्यांचा वास. त्याची आई ठकूमावशी घरच्या मेंढरांची काळी लोकर कातायची. सनगर ती विणून द्यायचा. मग ती चिंचोके भरडून त्यांची खळ शिजवायची आणि गवताच्या कुंच्यानं घोंगडीवर घासून घासून बसवायची. खळ वाळली की घोंगडी पत्र्यासारखी ताठ व्हायची. उभी केली तर क्षणभर आपली आपण उभी राहायची. वर खळ आणि आत लोकरीच्या अंगचा तेलकटपणा, त्यामुळं पावसाचं पाणी तिच्यावर नुसतं लोंबकळायचं आणि ओघळून जायचं. भिवा एक कोपरा दुमडून डोक्यावर घ्यायचा, की झाली खोळ. काठीवर टाकली की सावली. दुपारी तीच अंथरूण, पहाटे तीच पांघरूण. रानात एखादी मेंढी व्याली तर ओलं कोकरू तिच्यात गुंडाळून तो खांद्यावर टाकायचा आणि चालू लागायचा. पाहुणा आला तर त्याला बसायलाही तीच, वास झटकून.

शिंप्याच्या नजरेनं बघितलं तर त्या वस्त्रात काहीच नव्हतं. माप नाही, टीप नाही, काज नाही, बटण नाही. बापाची घोंगडी मुलाच्या अंगाला बसायची आणि मुलाची नातवाच्या. मला तिचा थोडा रागच यायचा म्हटलं तरी चालेल. धनगरांच्या अख्ख्या वस्तीत शिंप्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

लढाईच्या दिवसांत मी नगरला आलो. भिंगारच्या बाजूला एका ठेकेदाराची पत्र्याची शेड होती, तिथं आम्ही ओळीनं बसून मिलिटरीचे ओव्हरकोट शिवायचो. एकाकडं नुसत्या बाह्या, एकाकडं नुसत्या कॉलरी. माझ्याकडं आधी खांद्यावरच्या पट्ट्या होत्या, मग हळूहळू कटिंग आलं. ते कापड कातडीसारखं जाड. बोटांना घट्टे पडायचे, उन्हाळ्यात पत्र्याखाली लोकरीचा केर घामावर चिकटून अंग खाजायचं. पण त्या कोटानं मला वेड लावलं. त्यात उगीच असं काहीच नव्हतं. कॉलर उलटी केली की कानापर्यंत यायची. खिशाला झाकण होतं ते पाणी आत जाऊ नये म्हणून. पाठीला घडी होती ती टांग टाकताना कोट आवळू नये म्हणून. छातीवर कापडाचा दुहेरी पदर, बटणांच्या दोन ओळी, कारण वारा समोरून येतो. खांद्यावरची पट्टी बंदुकीचा पट्टा घसरू नये म्हणून. मी मनात म्हणायचो, ही घोंगडीच आहे, फक्त शिंप्यानं केलेली.

लढाई संपली, शेड बंद झाली. उरलेला माल लिलावात निघाला आणि नगरच्या बाजारात खाकी कोटांचे ढीग लागले. डांबराच्या गोळ्यांचा वास त्या गल्लीतून महिनोन् महिने गेला नाही. ज्याला परवडला त्यानं कोट घेतला. मी गावी परतलो त्या सुमारास आमच्या पाटलाचा धाकटा मुलगा तो घालून आठवडेबाजारात आला, भर उन्हात. घाम कानामागून गळत होता, पण बटण एक सोडीना. लोक त्याच्याभोवती फिरून बघत होते. कुणीतरी विचारलं, "दादा, ह्या खांद्यावरच्या पट्टीत काय घालायचं?"

"काय घालायचं न्हाई," तो म्हणाला. "फ्याशन हाय ती."

आम्ही हसलो, पण त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पोराला ती पट्टी हवी झाली. बंदूक नव्हती, बंदुकीचा पट्टा नव्हता. पट्टी तेवढी हवी होती. मला मात्र त्यात माझी पोटापाण्याची वाट दिसत होती. चुलत्याच्या ओसरीवर मशीन होतं, शेडमधून वर्तमानपत्रावर उतरवून आणलेला त्या कोटाचा फर्मा होता, लिलावातून उचललेली पितळी बटणं होती. कापडच नव्हतं. कापड कंट्रोलवर होतं आणि कंट्रोलचं कापड म्हणजे मुंडाशाला घ्यावं तर धोतराला उरत नव्हतं.

त्या माघात भिवा ओसरीवर येऊन बसला. त्याची सोयरीक जुळत होती. पोरगी नेवाशाकडची.

"नामा, मला असला कोट शिवून दे," तो म्हणाला.

"कापड आण."

"कुठनं आनू? आईला लुगडं मिळंना कंट्रोलवर, आन मला कोट."

"मग राहू दे की. घोंगडी काय वाईट आहे?"

"पोरीचा भाऊ श्रीरामपूरला साखर कारखान्यात लागलाय. त्यो कोट घालून येनार हाय म्हनं. त्याच्या म्होरं मी घोंगडी घिऊन बसू व्हय?"

मी मशीनवरून वर न बघताच म्हणालो, "तुझ्या अंगावर आहे की कापड."

हे मी चेष्टेत म्हणालो, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तसं नव्हतं. ती घोंगडी कापली तर किती येईल, पाठ कुठून काढायची, बाह्या कुठून, हे मी कितीतरी दिवस मनातल्या मनात मांडून बघत होतो. भिवानं घोंगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत उजेड पडला.

ठकूमावशीनं ऐकलं तेव्हा ती दात घासत होती. मिश्रीचं बोट तसंच तोंडात धरून ती म्हणाली, "आमच्यात घोंगडीला कात्री लावत न्हाईत."

"का पण, मावशी?"

"का म्हंजे? आजवर कुनी लावली न्हाई." मग चूळ भरून आली आणि माझ्यासमोर बसली. "काय रं शिंप्या, तुला गिऱ्हाईक मिळंना म्हनून माझ्या पोराला कापतोस व्हय?"

भिवा हसला, मीही हसलो. पण तो रोज तिच्या मागं लागला, आणि तिचाही जीव मुलाच्या सोयरिकीत अडकलेला. शेवटी तिनंच आतून घोंगडी आणली. भिवाच्या अंगावरची नव्हे, ती फार विरली होती. वारलेल्या नवऱ्याची, घडी घालून ठेवलेली, काठाला पांढरी रेघ असलेली. माझ्या मांडीवर टाकत म्हणाली, "ह्याच्या बापाची हाय. वाकडी कापलीस तर तुजं कान कापीन."

मी वाकडी कापली नाही. कात्री चालेना तिथं विळ्याची धार लावली. पण शिवायला बसलो आणि मशीनची सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. हातानं कच्चा टाका घालावा तर खळ बसलेली लोकर बोटांना दाद देईना. कॉलर उलटी वळेना, बाही घालून बघितली तर कोपरात वाकेना, मान तर सोलूनच निघाली असती. कोट म्हणून ते ध्यान उभं राहिलं असतं आणि लोक हसले असते. भिवाला हसले असते, आणि मला.

तेव्हा मी जे केलं ते चुलत्याच्या परसात केलं, ठकूमावशीच्या वस्तीपासून लांब. घंघाळात कडकडीत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, आणि कापलेले सगळे तुकडे बुडवून तुडवले. पाणी आधी पांढरं झालं, ती खळ. मग त्यावर पिवळसर तवंग आला, तुपासारखा. हात बुडवला तर तो मनगटाला चिकटून राही. मी पाणी ओतून दिलं, पुन्हा गरम पाणी, पुन्हा सोडा. तिसऱ्या वेळी पाणी निवळ आलं. तुकडे वाळले तेव्हा मऊ झाले होते, सशाच्या पाठीसारखे. मला इतका आनंद झाला की मी ते गालाला लावून पाहिले.

वळचणीवरून एक थेंब पडला त्या तुकड्यावर. कौलांवर दव होतं, त्यातला. मी बघत होतो. थेंब लोंबकळला नाही, ओघळला नाही. पडला आणि आत गेला. मी दुसऱ्या जागी ओलं बोट टेकवून पाहिलं. तिथंही तेच. तेव्हाच मला कळलं. नंतर कळलं असतं तर मला हे लिहायची गरज पडली नसती.

मी शिवायला बसलो. असा कोट मी आधी शिवला नव्हता आणि नंतरही शिवला नाही. काळाभोर, छातीवर दुहेरी पदर, पितळी बटणांच्या दोन ओळी, घोंगडीच्या काठाची पांढरी रेघ मी खांद्यावरच्या पट्ट्यांत आणली. काजं घट्ट ठेवली. सैल काज म्हणजे कच्चा शिंपी, असं आम्हाला शेडमध्ये शिकवलेलं.

सोयरिकीच्या दिवशी भिवा तो कोट घालून बसला आणि श्रीरामपूरचा भाऊ आपल्या खाकी कोटात ओशाळला. त्यानं तिथंच मला विचारलं, असा मला मिळंल का. पाटलाच्या धाकट्यानं दोन दिवसांत घोंगडी पाठवून दिली. ठकूमावशी त्या दिवशी मुलाभोवती फिरून बघत होती. तिचा ऊर भरून आला होता. मग तिनं कोटाची कड अंगठ्यात आणि बोटात धरली आणि चोळली. पुन्हा चोळली. वास घेतला. सगळ्यांच्या गलबल्यात ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली,

"धुतली का रं?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "नुसती झटकली. वापरानं मऊ झालीय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आसंल." तिला खरं मानायचं होतं. कोट इतका चांगला दिसत होता.

दोनच दिवसांनी भिवा मेंढरं घेऊन मुळेच्या काठच्या काळ्या रानात गेला. ज्वारी निघालेल्या शेतांत मेंढरं बसवायचे दिवस होते ते. निघताना आईनं जुनी विरलेली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. त्यानं ती काढून दारात ठेवली.

"कोटावर घोंगडी घेतली तर कोट दिसंल कसा?" तो म्हणाला. मी तिथंच उभा होतो. त्यानं मला विचारलं, "नामा, कोट पुरंल न्हवं?"

आभाळ निरभ्र होतं. शिमगा जवळ आला होता, पाऊस कुणाच्या मनातही नव्हता. घोंगडी घे, एवढे दोन शब्द पुरले असते. ठकूमावशी माझ्याकडंच बघत होती. तिच्यासमोर ते दोन शब्द बोललो असतो तर खोटं उघडं पडलं असतं, पाटलाची घोंगडी परत गेली असती. मी म्हणालो, "न पुरायला काय झालं?"

त्यानंतरचे दिवस मी पाटलाच्या धाकट्याचा कोट बेतत होतो. ती घोंगडीही मी धुतली. रोज सकाळी उठून आधी आभाळ बघायचो, मग तोंड धुवायचो. निळं असलं की हात भराभर चालायचे.

एका दुपारी वारा पडला. कडुनिंबाचं पान हलेना. कुत्री ओसरीखाली शिरली. पश्चिमेकडून ढग चढले आणि त्यांच्या पोटाला तो रंग होता. मी कात्री खाली ठेवली. पहिली गार कौलावर पडली तेव्हा वाटलं कुणी दगड मारला. मग कौलं फुटायला लागली. अंगण क्षणात पांढरं झालं आणि त्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येईना. मी काही म्हणत होतो की नाही तेही आठवत नाही.

त्या गारांतून ठकूमावशी आली. ती जुनी विरलेली घोंगडी डोक्यावर खोळ करून. ओसरीत चढली नाही. म्हणाली, "चल."

मी पोतं डोक्यावर घेतलं आणि तिच्यामागं निघालो. गारा थांबल्या होत्या पण पाऊस कोसळत होता, बर्फासारखा गार. वाटेत पक्षी मरून पडले होते. काढायच्या राहिलेल्या ज्वारीची कणसं चिखलात. ती भराभर चालत होती आणि एकदाही मागं वळून बघत नव्हती. मुळेच्या काठी बाभळीखाली मेंढरं एकमेकांत डोकी खुपसून उभी दिसली. त्यांच्यामध्ये भिवा उकिडवा बसलेला, पाठ वर, दोन कोकरं पोटाखाली धरलेली. कॉलर कानापर्यंत वर केली होती. मी शिवली होती तशीच ती बरोबर कानापर्यंत आली होती.

हात लावला तर कोटातून पाणी पिळून निघालं. त्याचं वजन भरलेल्या पखालीएवढं झालं होतं. भिवाचे ओठ काळेनिळे. तो थरथरत नव्हता. ठकूमावशी म्हणाली, "काढ ते अंगातनं."

मी बटणं काढायला लागलो आणि एकही निघेना. लोकर भिजून फुगली होती, काजं आवळून बसली होती. माझी बोटं बधिर झालेली. शेडमधल्या कुठल्याही शिंप्यानं वाखाणली असती अशी काजं. "काप," ती म्हणाली. कात्री ओसरीवर राहिली होती. मग मी दातांनी बटणं तोडायला लागलो. एक, मग दुसरं. पितळेची आणि ओल्या लोकरीची चव तोंडात आली ती अजून कधीमधी येते. तोंड माझं त्याच्या छातीशी होतं आणि आत काही हलतंय का ते मला ऐकू येत नव्हतं.

कोट निघाला. मावशीनं डोक्यावरची जुनी घोंगडी काढली आणि उलटी करून त्याच्याभोवती गुंडाळली. ती आतून कोरडी होती. जागोजाग विरलेली, भोकं पडलेली, एवढ्या गारांतून आलेली, आणि आतून कोरडी. मी हात घालून पाहिला म्हणून मला माहीत. मावशीनं मला हात घालताना पाहिलं. पुष्कळ वेळानं भिवाचे दात वाजायला लागले आणि ती मटकन खाली बसली.

तो वाचला. ताप उतरायला चैत्र लागला. नगरला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीत पाणी झाल्याचं सांगितलं, आणि पुन्हा रानावनात, थंडीवाऱ्यात जायचं नाही असं बजावलं. धनगराला हे सांगणं म्हणजे काय ते त्या डॉक्टरांना माहीत असायचं कारण नव्हतं. मेंढरं चुलतभावाकडं गेली. सोयरीक मात्र नेवाशाकडच्यांनी मोडली नाही, लग्न झालं. रखमा घरात आली. भिवा खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पाऊसच तसा हुता. कोट हुता म्हनून वाचलो." मी समोर असलो की हे तो जरा मोठ्यानं म्हणायचा. पाटलाच्या धाकट्याचा कोट मी पुरा केला. त्याला त्यात कधी भिजावं लागलं नाही.

मी नगरला दुकान टाकलं तेव्हा भिवाला बोलावून घेतलं. लोक म्हणाले, नामानं मैत्री राखली. मीही तसंच म्हणू दिलं. इस्त्रीजवळ ऊब असते, छातीला बरं, असं मी त्याला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्याचा खोकला मी रोज ऐकायलाच हवा होता. ऐकू आला नसता तर मी विसरलो असतो, इतकं मी मला ओळखतो.

काळ बदलत गेला. घोंगडीच्या कोटाची टूम चार-दोन हिवाळ्यांत संपली. कंट्रोल उठला, सर्ज आली, मग टेरिलीन, आता सफारी. खांद्यावरची पट्टी मात्र परत परत येते. आताच्या सफारीवरही कॉलेजची पोरं ती मागून घेतात, खिशाला झाकणं मागतात. मी शिवतो. झाकणाच्या आत कितीदा खिसाच नसतो. गिऱ्हाईक कधी विचारतं, "पावसात चालेल ना हो?" त्यावर माझ्या तोंडून ताडकन "नाही" निघतं, गिऱ्हाईक परत गेलं तरी. असं झालं की भिवा इस्त्रीवरून मान वर करून माझ्याकडं बघायचा. मग भांड्यात बोटं बुडवून कापडावर पाणी शिंपडायचा आणि पुन्हा खाली बघायचा. मला वाटायचं तो हसतो. कशाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

ठकूमावशी गेली तेव्हा मी गावी गेलो होतो. तिच्या दहाव्याला नदीवर भिवाच्या शेजारी उभा होतो. तेव्हा सांगणार होतो. तो खोकायला लागला, कुणीतरी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि ती वेळ गेली. अशा वेळा पुष्कळ गेल्या. गेल्या श्रावणात तोही गेला. शेवटच्या दिवसांत मला म्हणाला, "नामा, कोट झ्याक शिवला हुतास तू." मी त्याचे पाय चेपत होतो. चेपत राहिलो.

आणि गेल्या आठवड्यात, अशाच एका वारा पडलेल्या दुपारी, रखमा आणि तिचा मुलगा सोपान दुकानात आले. सोपान पुण्याला कॉलेजात आहे. त्याच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी मोठं होतं, दाराच्या चौकटीला अडत होतं.

"पेटीच्या तळाशी हुतं," रखमा म्हणाली. "आत्याबाईंनी ठिवलेलं. ह्यांनी कधी काढू दिलं न्हाई."

सोपाननं गाठ सोडली. कोट होता. त्यानं तो टेबलावर टेकवला आणि कोट क्षणभर आपला आपण उभा राहिला. बाह्या जराशा पुढं, जसं कुणी पोटाखाली काही धरलं आहे. मी जवळ गेलो. चिंचोक्यांचा वास आला, फार जुना. आतून, बाहेरून, कॉलरखाली, खिशाच्या झाकणांवर, खांद्याच्या पट्ट्यांवरसुद्धा खळ बसवलेली होती. कुंच्याच्या रेघा अजून दिसत होत्या. हे काम एका माणसानं बसून, पुष्कळ वेळ देऊन केलेलं होतं. मुलगा तापात पडलेला असताना, किंवा त्याच उन्हाळ्यात.

म्हणजे तिला माहीत होतं. आणि पेटी ज्याच्या घरात होती, ज्यानं तो कोट काढू दिला नाही, त्यालाही माहीत होतं. पंचवीस वर्षं तो माझ्यासमोर बसला, त्यानं गिऱ्हाइकांना माझं नाव सांगितलं, आणि मी कधी बोलतो याची वाट बघितली. किंवा वाटही बघितली नसेल. ते आता कळायचं नाही.

सोपान म्हणाला, "काका, पुण्यात हल्ली घोंगडीची जाकिटं घालतात पोरं. प्रदर्शनातनं आणतात. म्हटलं माझ्याकडं तर बापाचा कोटच आहे. फक्त टोचतोय फार. धुऊन मऊ करता येईल का?"

मी खाली बसलो. मशीनमागं नाही, भिवाच्या स्टुलावर. आणि सांगितलं. घंघाळ, सोडा, तवंग, तो थेंब, तिचा प्रश्न, माझं उत्तर, दारात राहिलेली घोंगडी. रखमा ऐकता ऐकता टेबलाची कड पुसत राहिली, ती आधीच स्वच्छ होती. माझं झालं तेव्हा ती म्हणाली, "खोकला लागला की म्हनायचे, नामाला झोप येत नसंल आता." मग पदर तोंडाला लावून तिकडं वळली.

सोपाननं टेबलावरच्या भांड्यात बोटं बुडवली आणि कोटाच्या खांद्यावर पाणी शिंपडलं, अगदी त्याच्या बापासारखं. थेंब थांबले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "थांब, बघ." थोड्या वेळानं ते एकेक करून आत गेले. खळ परत लावता येते. लोकरीच्या अंगचं तेल एकदा गेलं की कुणाला परत आणता येत नाही. ठकूमावशीला ते माझ्याहून आधी माहीत असणार, तरी तिनं ती बसवली होती.

"धुऊ नका," सोपान म्हणाला. "आहे तसाच राहू दे. बटणं तेवढी लावा."

बटणांच्या जागी तुटलेले दोरे लोंबत होते. बटणं माझ्या गल्ल्यातल्या डबीत होती, तेव्हापासून. चिखलातून वेचून आणली होती, का ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी ती हातानं शिवली, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं. दोन सुया मोडल्या. मग काजं उसवली आणि मोठी केली, कापड फुगलं तरी बटण सुटेल एवढी. कच्च्या शिंप्याची काजं. सोपान शेजारी उभा राहून बघत होता.

कोट घालून तो निघाला. बाह्या कोपरात वाकत नव्हत्या, त्यामुळं त्याला चालताना हात जरा पुढं धरावे लागत होते. रखमा पिशवी घेऊन त्याच्यामागं. पायरीवर गेला तेव्हा बोळातलं पान हलत नव्हतं.

"सोपान," मी हाक मारली. "जरा थांब. आभाळ बघून जा."

तो थांबला. मीही पायरीवर गेलो. रखमानं पिशवी खाली ठेवली आणि आम्ही तिघं मान वर करून पश्चिमेकडं बघत उभे राहिलो.